सेल्फ घेत नाहीये!

सोमवारची सकाळ, दहाची मीटिंग, घाईघाईत चावी फिरवली आणि... टिक-टिक-टिक. जुन्या गाडीचे हे नखरे काही नवे नाहीत. पण मेकॅनिकला फोन लावण्याआधी स्वतःच बोनेट उघडून थोडं डोकं लावलं तर? एक स्वानुभव, काही युक्त्या आणि एक मल्टिमीटर.

आमच्या गाडीनं दगा द्यायला दिवस कुठला निवडावा? आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा! जुलै २०२५, कोथरूड, बाहेर धो-धो पाऊस. साडेसातला हॉस्पिटलमध्ये पोचायचं होतं. आई फाइल छातीशी धरून मागच्या सीटवर, तिच्या शेजारी मी आणि बाबा ड्रायव्हिंग सीटवर. त्यांनी चावी फिरवली. टिक-टिक-टिक-टिक. पुन्हा फिरवली. टिक-टिक. मला आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. आमच्याकडे न बघता त्यांनी तिसऱ्यांदा, चौथ्यांदा चावी मारली. शेवटी आईच म्हणाली, "अहो, राहू द्या. रिक्षा बघू."

कोथरूडमध्ये पावसात सकाळी सातला रिक्षा मिळवणं हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मिळाली कशीबशी. ऑपरेशनही झकास झालं. पण त्या संध्याकाळी बाबांनी कुणाला तरी फोन केला आणि जेवताना जाहीर करून टाकलं, "शनिवारी एक जण गाडी बघायला येतोय. देऊन टाकू. आता चालवायचंही पुरे झालं."

गाडी २००४ ची. पांढरी, पेट्रोलवरची, पाच गिअरची हॅचबॅक. कंपनीचं नाव मुद्दामच घेत नाही; एकवीस वर्षांनी कुणी कुरकुर केली तर त्यात कंपनीचा काय दोष? बाबांनी कर्ज काढून ती घेतली तेव्हा मी चौथीत होते. पंधरा वर्षं झाल्यावर २०१९ मध्ये आणि मग पुन्हा २०२४ मध्ये ते तिला आरटीओत घेऊन गेले, तपासणी करून घेतली, ग्रीन टॅक्स भरला आणि पाच-पाच वर्षं रजिस्ट्रेशन वाढवून आणलं. दुसऱ्या खेपेला मीच म्हणाले होते, "बाबा, कशाला?" आता तेच 'देऊन टाकू' म्हणत होते आणि माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. कारण त्या वाक्याचा दुसरा भाग. चावी चार वेळा फिरवून गाडी हलली नाही, तर माणसानं स्टिअरिंगच सोडायचं?

तो मंगळवार होता. शनिवारपर्यंत माझ्या हातात चार रात्री होत्या.

आधी ऐका, मग बोनेट उघडा

आपल्यापैकी बहुतेकांना गाडी सुरू होत नाही एवढंच कळतं. 'बंद पडली' यापुढे आपली शब्दसंपत्ती जात नाही. पण चावी फिरवल्यावर गाडी नेमकं काय करते, यातच अर्धं निदान असतं हो! डॉक्टरला 'बरं वाटत नाही' सांगणं वेगळं आणि 'रात्री ताप येतो' सांगणं वेगळं. तसंच.

चावी फिरवली आणि काहीच नाही, डॅशबोर्डवरचे दिवेही मेलेले? मग बॅटरी पार उतरलीय किंवा टर्मिनल निसटलंय. डॅशबोर्ड छान उजळतो, पण सेल्फ मात्र गप्प? मग इग्निशन स्विच, रिले किंवा सेल्फकडे जाणारी बारीक वायर तपासायची. ऑटोमॅटिक असेल तर गिअर 'पी' किंवा 'एन' मध्ये आहे ना, हे आधी बघा. यावरून लाजलेली माणसं माझ्या ओळखीत दोन आहेत. एकच जाड 'खट्' आवाज येऊन सगळं थांबतं? संशय सेल्फच्या सोलेनॉइडवर किंवा मोटरवर. आणि ती प्रसिद्ध टिक-टिक-टिक म्हणजे सोलेनॉइड ओढलं जातंय, पण मोटर फिरवायला दम पुरत नाही म्हणून सुटतंय, पुन्हा ओढलं जातंय. म्हणजे करंट कमी पडतोय. आता तो कमी का पडतोय, ही खरी गोष्ट.

सेल्फ घर्र-घर्र मस्त फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही, ही पूर्णपणे वेगळी केस. तिथे बॅटरीला दोष देऊ नका, बिचारी आपलं काम करतेय. त्या प्रकरणाकडे नंतर येते.

बॅटरी, बॅटरी आणि बॅटरी!

आमच्या गाडीची केस हिस्टरी अशी. एप्रिलमध्ये ती पहिल्यांदा टिकटिकली. शेजारच्या काकांनी आपली गाडी आणून जम्पर केबल लावली, एका झटक्यात सुरू! काकांचं निदान तयार : "बॅटरी गेली." बॅटरी चार वर्षांची होती, म्हणून कुणालाच शंका आली नाही. साडेचार हजारांची नवी आली. अडीच महिने सुखाचे गेले आणि मग तो जुलैचा दिवस. बुधवारी मेकॅनिक आला, त्यानंही जम्पर लावला, गाडी लगेच सुरू. त्याचं निदान : "बॅटरी नवी आहे ना? मग सेल्फची मोटर गेली. वायरिंगसकट साडेनऊ हजार. पण मॅडम, या गाडीत एवढा पैसा घालू नका. काढून टाका."

बाबांनी मान डोलावली. मी मात्र रात्री पंख्याकडे बघत पडले होते. मोटर गेलीय, तर मग जम्पर लावल्यावर तीच मोटर एवढ्या जोशात कशी फिरते? आणि बॅटरी नवी आहे, तर जम्पर लागतोच कशाला? दोन्ही उत्तरं एकमेकांना खोटं पाडत होती.

गुरुवारी ऑफिसमधून लवकर सटकले आणि बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी जाऊन डिजिटल मल्टिमीटर घेतला. साडेतीनशे रुपये. (एका मल्टिप्लेक्सच्या तिकिटात पॉपकॉर्न मिळवलं तर याहून जास्त होतात.) डायल २० व्होल्ट डीसीवर ठेवायची, लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं मायनसला. बस्स. बारावीचं फिजिक्स विसरलेल्यांनीही घाबरू नये.

आकडे एवढेच लक्षात ठेवा. गाडी रात्रभर बंद असेल आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर १२.६ व्होल्टच्या आसपास. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे तिला चार्जर लावा, सेल्फ मारून छळू नका. सेल्फ मारताना आकडा खाली येणारच, पण साडेनऊच्या वर राहायला हवा. गाडी सुरू झाल्यावर पुन्हा मोजा : साधारण १३.८ ते १४.४ दिसलं तर अल्टरनेटर बॅटरी भरतोय. तिथेही बाराच दिसत असेल, तर दोष अल्टरनेटरचा किंवा त्याच्या बेल्टचा. नवी बॅटरी टाकली तरी ती दोन दिवसांत उतरणार आणि दुकानदाराला शिव्या बसणार. एक विनवणी : 'चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून बघ, बंद पडली तर अल्टरनेटर गेला' ही जुन्या मिस्त्रींची युक्ती करू नका. त्या झटक्यात गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सचा जीव जाऊ शकतो.

आमचा आकडा आला १२.६. बॅटरी ठणठणीत! मग मी काकांच्या मुलाला चावी मारायला बसवलं. टिक-टिक-टिक. मीटरवर १२.३.

इथे मी थांबले. विचार करा, बॅटरी कमजोर असती तर सेल्फ मारताना आकडा धाडकन सात-आठवर आला असता. बॅटरी चांगली असून मोटर खरंच फिरू पाहत असती, तर दहा-साडेदहावर आला असता. आमचा मात्र जेमतेम हलला. म्हणजे बॅटरीतून करंट जातच नव्हता! बॅटरी द्यायला तयार, घेणारा घ्यायला तयार, पण मधला रस्ता बंद. मीटर नसेल तर हेच हेडलाइटवरूनही कळतं. गाडी भिंतीसमोर उभी करा, हेडलाइट लावा, सेल्फ मारा. दिवे मरगळले तर बॅटरी कमजोर किंवा तिचं टर्मिनल सैल. दिवे तसेच झगझगीत राहिले आणि सेल्फ नुसता टिकटिकला, तर करंट पुढे कुठेतरी अडलाय.

रबरावर बसलेलं इंजिन

सेल्फची मोटर ही गाडीतली सगळ्यात खादाड बाई. हॉर्नला, दिव्यांना चार-पाच-दहा अँपिअर पुरतात. हिला शंभर-दीडशे लागतात, सुरुवातीच्या क्षणी तर त्याहूनही जास्त. म्हणूनच 'हॉर्न तर वाजतोय, मग बॅटरी कशी गेली?' हा प्रश्न फसवा आहे. वाटेत कुठे गंजामुळे ०.०५ ओहमचा अडथळा जरी आला, तरी दिव्याला त्याचा पत्ता लागत नाही. पण शंभर अँपिअर जायला लागले की तोच अडथळा पाच व्होल्ट खाऊन टाकतो. बारातले पाच गेले, काय उरलं? टिक-टिक.

आणि हा रस्ता दोन बाजूंचा असतो, हे आपण साफ विसरतो. प्लसची जाड लाल केबल सगळ्यांना दिसते. परतीचा रस्ता म्हणजे अर्थिंग. आमच्या गाडीत बॅटरीच्या मायनसची केबल बॉडीला बोल्टनं बसवलेली आहे. पण इंजिन बॉडीला थेट टेकलेलं नसतं, ते रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबर काही करंट नेत नाही. म्हणून बॉडी आणि इंजिन यांच्यामध्ये एक विणलेली तांब्याची पट्टी असते. वेणीसारखी दिसते. खाली, चिखल-पाणी उडतं तिथे. एकवीस पावसाळे तिनं खाल्लेले.

आता जम्परचं कोडं सुटतं बघा. जम्परची काळी क्लिप शेवटी कुठे लावतात? बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला! काकांनी तेच केलं होतं, मेकॅनिकनंही तेच. म्हणजे त्या दोघांनी नकळत इंजिनला नवा परतीचा रस्ता करून दिला होता. गाडी सुरू झाली ती नुसत्या काकांच्या बॅटरीमुळे नव्हे, त्यांच्या काळ्या वायरमुळेही.

हे सगळं सुचलं तेव्हा शुक्रवारी रात्रीचे साडेनऊ वाजले होते. मी पार्किंगमध्ये उतरले. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर. पंखा-बेल्टपासून केस आणि ओढणी लांब. (मी ओढणी वरच ठेवून आले.) मीटर घेतला, पण चावी मारायला कुणी नव्हतं. काकांकडे पाहुणे. शेवटी बाबांना फोन केला. ते टॉर्च घेऊन खाली आले. "अगं, उद्या तो माणूस येतोय. आता कशाला?" पण बसले सीटवर.

मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूवर. सगळं ठीक असेल तर सेल्फ मारताना इथे ०.२, फार तर ०.३ व्होल्ट दिसायला हवेत.

"बाबा, मारा!"

टिक-टिक-टिक. आकडा नाचत नाचत चारच्या वर गेला.

"थांबा! परत. आता मारा!" या वेळी दुसरं टोक इंजिनवरून काढून बॉडीच्या बोल्टवर. ०.१. म्हणजे बॅटरी ते बॉडी रस्ता साफ. बॉडी ते इंजिन रस्ता ठप्प. मग काकांची जम्पर केबल घेतली, फक्त काळी. एक टोक आमच्याच बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या एका जाड ब्रॅकेटला. दुसरी गाडी नाही, दुसरी बॅटरी नाही.

"मारा."

घर्रर्र... भुर्रर्रम! पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला झोपलेलं मांजर उडालं.

बाबा उतरून समोर आले. म्हणाले, "मोटर गेली होती ना?"

पट्टी शोधायला आणखी वीस मिनिटं लागली. बॅटरीचं मायनस आधी सोडवलं. (काढताना नेहमी मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. प्लस सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणग्यांची दिवाळी होते. अंगठी, घड्याळ काढून ठेवा.) पट्टीच्या बॉडीकडच्या बोल्टखाली हिरवट-पांढरा थर साचला होता आणि वेणीचे निम्मे पेड तुटलेले होते. तात्पुरतं पॉलिश पेपरनं घासून, आवळून, वर व्हॅसलिन फासलं. शनिवारी सकाळी नाना पेठेतून नवी पट्टी आणली. पट्टी आणि पॉलिश पेपर मिळून दोनशेच्या आत.

आणि एक गंमत, जी मला नंतर कळली. मे महिन्यापासून बाबा कुरकुरत होते की ॲक्सिलरेटर जड झालाय. आम्ही त्यांच्या गुडघ्याला दोष दिला होता! इंजिनला अर्थिंग मिळेनासं झालं की सेल्फचा करंट मिळेल त्या धातूच्या वाटेनं बॉडीकडे परततो. ॲक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, काहीही. त्या बारीक तारेतून एवढा करंट गेला की ती तापते, आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळतं आणि पेडल जड होतं. गुडघा निर्दोष होता. माणूस गाडीबद्दल काही सांगत असेल तर तेही ऐकावं, हे मी इंजिनच्या आवाजाबद्दल वर लिहिलंय त्यात धरा.

सेल्फ फिरतो, पण पकडत नाही

आता ती दुसरी केस. सेल्फ जोरात फिरतोय, इंजिन मात्र ढिम्म. पेट्रोल इंजिनला पेट्रोल, ठिणगी आणि हवा लागते. हवा सहसा फितूर होत नाही. उरल्या दोन.

पेट्रोल आहे का? हसू नका. जुन्या गाडीचा काटा खोटं बोलतो. मग चावी फक्त 'ऑन' करा, सेल्फ मारू नका, आणि मागच्या सीटखाली कान द्या. इंजेक्शनवाल्या गाडीत दोन-तीन सेकंद 'ऊंऽऽ' असा पंपाचा आवाज यायला हवा. नाही आला तर आधी फ्यूज बघा, मग रिले. फ्यूज बॉक्समध्ये हॉर्नचा रिले बहुतेक वेळा तसाच असतो. नंबर जुळत असेल तर अदलाबदल करून बघा. गाडी सुरू झाली आणि हॉर्न मेला, तर चोर सापडला! कार्बोरेटरवाल्या गाड्या, म्हणजे साधारण २००० सालच्या आधीच्या, त्यांचं घराणंच वेगळं. तिथे चोक ओढायचा, धीर धरायचा आणि सारखी सारखी रेस द्यायची नाही.

प्लग काढून बघण्यासारखी मजा नाही. टोकाचा रंग फिकट तपकिरी असेल तर उत्तम. काळाकुट्ट असेल तर पेट्रोल जास्त जळतंय. ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोचतंय पण ठिणगी नाही, किंवा तुम्ही सेल्फ मारून मारून इंजिन बुडवलंय. बुडवलं असेल तर बऱ्याच इंजेक्शनवाल्या गाड्यांत एक सोय असते : ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवून सेल्फ मारायचा. गाडी पेट्रोल तोडते, आतलं सुकतं आणि ती खोकत खोकत सुरू होते. प्लगची वायर हातात धरून ठिणगी बघायचा पराक्रम मात्र करू नका. तिथे हजारो व्होल्ट असतात आणि आजूबाजूला पेट्रोलची वाफ.

डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकतंय? मग इमोबिलायझर तुमच्या किल्लीला ओळखत नाहीये. दुसरी किल्ली आणा. पावसात किंवा गाडी धुतल्यावरच त्रास होतो? प्लगच्या खोबणीत पाणी, नाहीतर जुन्या वायरींना गेलेले तडे. रात्री अंधारात बोनेट उघडं ठेवून इंजिन सुरू करा. वायरींवर निळे काजवे चमकले तर समजा, बदलायची वेळ झाली.

आणि उंदीर. पुण्या-मुंबईतल्या पार्किंगचा हा खरा माफिया. रात्री इंजिन कोमट असतं, वायरींचं आवरण कुरतडायला मऊ. काल व्यवस्थित लावलेली गाडी आज सेल्फ फिरूनही पकडत नसेल, तर मीटर काढण्याआधी बोनेटखाली लेंड्या शोधा. लोक तंबाखूची पानं ठेवतात, पेपरमिंटचा स्प्रे मारतात, कुणी रात्रभर बोनेटच उघडं ठेवतं. आमच्या सोसायटीतल्या उंदरांना तंबाखूची सवय लागलीय असं माझं प्रामाणिक मत आहे.

उभी गाडी थकते

आठवड्यातून तीन दिवस घरून काम, दोन दिवस मेट्रो. मग गाडी उभीच. बंद गाडीही घड्याळ, अलार्म, स्टिरिओ यांच्यापायी थोडं थोडं पीतच असते. ५० मिलीअँपिअरपर्यंत ठीक मानतात. ३५ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी या वेगानं ७०० तासांत, म्हणजे एकोणतीस दिवसांत पार रिकामी होते, आणि सेल्फ मारण्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी जाते. त्यात डिकीतला पाच वॉटचा दिवा न विझता राहिला, तर हिशेब साडेतीन दिवसांवर येतो. बाहेरून लावलेला डॅशकॅम, स्वस्तातला स्टिरिओ हे नेहमीचे संशयित. आठवड्यातून एकदा तरी गाडीला अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणा. पार्किंगमध्ये पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून बॅटरी भरत नाही, शेजाऱ्यांच्या नाकात धूर तेवढा भरतो. बंद गॅरेजमध्ये तर तेही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

२०२५ पासून पंपावर सर्रास मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि वीस वर्षांपूर्वीचे रबरी पाइप, सील काही त्यासाठी बनवलेले नव्हते. महिनोन्‌महिने अर्धी टाकी ठेवून गाडी उभी करू नका आणि पाइपांना तडे गेलेत का, पेट्रोलचा वास येतोय का, यावर नजर ठेवा. वास येत असेल तर सेल्फ मारायचा नाही. तिथे घरगुती प्रयोग संपले, मेकॅनिकला बोलवा. गाडी जॅकवर चढवून खाली शिरायचं काम असेल तरीही.

जम्परचा क्रम एकदाच सांगते. लाल आधी बंद बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटची क्लिप बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. कारण शेवटची क्लिप लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. काढताना उलटा क्रम. धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअल गाडीला : चावी ऑन, क्लच दाबून दुसरा गिअर, गाडी पळायला लागली की क्लच पटकन सोडा. पण पार्किंगच्या उतारावर हा प्रयोग नको. इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा लागतो आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं.

डिकीत माझ्याकडे आता कायम जम्पर केबल, दहा नंबरचा पाना, पॉलिश पेपर, टॉर्च आणि दोन-चार फ्यूज असतात. टर्मिनलवर पांढरं पीठ जमलं की कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुते. हा सोडा स्वयंपाकघरातून गायब होतो, यावर आईचा आक्षेप आहे.

शनिवार

तो माणूस अकराला आला. पांढरा शर्ट, कानात ब्लूटूथ. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "सुरू होत नाही म्हणालात ना काका? तीसला घेऊन जातो. टोचा खर्च माझा."

बाबांनी खिशातून चावी काढली, काचेतून हात आत घातला, गिअर हलवून न्यूट्रल आहे हे बघितलं आणि उभ्या उभ्याच चावी फिरवली. पहिल्याच झटक्यात.

तो माणूस पंचेचाळीसवर आला, मग पन्नासवर. बाबा इंजिनचा आवाज ऐकत उभे होते. "नाही," म्हणाले, "सोमवारी हिचा डोळा दाखवायला जायचंय." 'हिचा' म्हणजे आईचा. माणूस चहा न घेता गेला.

सोमवारी मी हिंजवडीत मीटिंगमध्ये असताना बाबांचा फोन आला. पोटात गोळाच आला. बाहेर येऊन उचलला.

"पोचलो आम्ही. डॉक्टर म्हणाले, छान आहे डोळा. आणि ऐक, काकांची गाडी सकाळपासून टिकटिकतेय. तू तो मीटर कुठे ठेवलायस?"